बरणीभर चिलटं

श्रावण अर्ध्यावर आला की कोल्हारच्या रस्त्याला पेरू आंबायला लागतो. हा वास मी डोळे मिटूनही ओळखतो. आधी गोड, मग ताडीसारखा, मग नाकाच्या आत नखानं ओरखडल्यासारखा. पावसाळी पेरू हा मुळातच बेइमान माल. वरून पिवळाधमक, हाताला जड, आणि आत नुसतं पाणी. झाडावरून उतरवल्यापासून दुसऱ्या संध्याकाळी देठापाशी मऊ पडतो आणि तिसऱ्या सकाळी त्याच्यावर चिलटं घोंघावतात. तांबड्या डोळ्यांची, तिळाएवढी. पेरूवाल्याचा याहून मोठा वैरी नाही. गिऱ्हाईक पेरू बघत नाही, आधी चिलटं बघतं.

आणि यंदा मी मुद्दाम एक पाटी सडू दिली आहे. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, पत्र्याखाली, उघडीच.

शेजारच्या गाळ्यातले हुसेनभाई बागवान काल नाकाला रुमाल लावून आले. तीस वर्षं आम्ही शेजारी धंदा करतो, आणि त्यातली पंधरा तरी भांडण्यात गेली असतील.

"शेठ, म्हातारचळ लागला का? गिऱ्हाईक पळंल ना."

"पळू द्या."

"तुमी म्हनताय पळू द्या?" ते पाटीवर वाकले, चिलटांचा ढग उठला, ते मागं सरले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शीतल येती हाय व्हय?"

मी क्रेट उचलून दुसरीकडे आपटला. ते काय समजायचं ते समजले आणि गेले.

शीतल माझी मुलगी. चार पावसाळे झाले, ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. गेल्या आठवड्यात तिनं आईला फोन केला, की कोल्हारची ताजी चिलटं हवी आहेत, येऊन धरून नेते. मला फोन नाही. माझ्या शेडमधली चिलटं, माझ्या पेरूवर वाढलेली, आणि मला विचारायचंसुद्धा नाही. तिच्यावरचा राग मी चार वर्षं जपला आहे, उगाच लपवत नाही. पण पाटी मी सडू दिली आहे, हेही तितकंच खरं.

मी शांत माणूस नाही. सोळाव्या वर्षी पारनेरकडच्या कोरडवाहू गावातून आलो तो झाडाखाली पडलेले पेरू वेचायला. त्यातले चांगले निवडून एसटीच्या खिडक्यांखाली विकले. त्या खिडक्यांनी मला शिकवलं, की आवाज मोठा असला तर माल लहान दिसत नाही. पुढं शेड झाली, टेम्पो झाले, पण आवाज तेवढाच राहिला आणि हातही. काट्यावर दगा करणाऱ्या एकाची बोटं मी त्याच काट्याच्या पारड्याखाली दाबली होती. पुलाच्या वळणावर टेम्पो कलंडला, सगळा माल रस्त्यावर चेंदून गेला, तेव्हा ड्रायव्हरचं कपाळ फुटलेलं दिसत असूनही मी त्याला केबिनमधून ओढून आणखी दोन हाणल्या. त्या दिवशी डांबरावर गुलाबी गर पसरला होता आणि त्यात रक्त कुठलं ते ओळखू येत नव्हतं. माझा बापही असाच होता. बैलाला उगारलेला आसूड बैल हलला तर तो माझ्यावर उतरवायचा. मार वाया जाऊ द्यायचा नाही, एवढीच त्याची काटकसर.

आमच्या धंद्यात मालाची पारख फोडूनच होते. व्यापारी वरचा पेरू बघतसुद्धा नाही. हात कोपरापर्यंत क्रेटमध्ये घालतो, तळाचा एक काढतो, देठाशी दोन्ही अंगठे रोवतो आणि फोडतो. कर्र असा आवाज आला तर माल चांगला. पच्च आवाज आला तर बोलणं संपलं. लहानपणी शीतल माझ्या मांडीवर बसून आधीच सांगायची, "आप्पा, कर्र वाजनार." बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मला वाटायचं, हिच्या हातात शेड सोपवून मी सुखानं मरेन. तर ही पुण्याला गेली, आणि शिकून शिकून काय शिकली? चिलटं.

आख्खा बाजार हसला. "शेठ आयुष्यभर चिलटं मारत आलं अन् पोरगी पाळती." मी त्यांच्यासमोर हसायचो आणि घरी येऊन ताट लोटायचो.

चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम असाच होता. भाद्रपद लागला होता, प्रवरेला धरणाचं गढूळ पाणी होतं, पत्र्यावर दिवसरात्र पाऊस ठोकत होता. शीतल महिनाभरासाठी आली होती. तिनं शेडच्या मागं केळ्याच्या साली घातलेल्या बाटल्या टांगल्या, त्यांत चिलटं यायची. मग ती एकेक मादी वेगळी काढून एकेका काचेच्या नळीत ठेवायची. नळीच्या तळाशी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून केलेली खळ, वर कापसाचा बोळा. मांडणीवर ओळीनं नळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. कुठल्या झाडाखालची, कुठल्या दिवशीची. माझ्या क्रेटवर एवढी निगुतीनं चिठ्ठी कधी लागली नाही.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी बिडी ओढत विचारलं, "त्या एवढ्याशा किड्यात तुला बघायला काय सापडतं गं?"

"त्याच्या मादीच्या पोटात अंडं कसं तयार होतं, ते."

"अंड्यात काय बघायचं?"

"तिच्या पोटात सोळा पेशी असत्यात, आप्पा. सोळाजणी एकमेकींना जोडलेल्या बहिणी. त्यातली एकच अंडं बनती. बाकीच्या पंधरा आपल्या अंगातलं सगळं तिच्यात ओतत्यात अन् मरून जात्यात."

"म्हंजी तुझ्यासाठी आमी मेलो, तसं."

ती हातातल्या नळीवरची नजर न काढता म्हणाली, "तुमी कुठं मेलात? आई मेली थोडी थोडी."

मला खरं तर तेव्हाच भडकायला हवं होतं. पण ती पुढं बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. मला कोडं पडलं होतं. ती म्हणाली, अंडं व्हायच्या आधी त्या पेशीच्या आत एक भयंकर गोष्ट घडते. तिचा जो डीएनए, म्हणजे आईबापाकडून आलेला सगळा मजकूर ज्या धाग्यावर असतो तो धागा, तो ती पेशी स्वतःच तोडते. एका जागी नाही, अनेक जागी. आरपार.

"बाहेरून कोन तोडतं?"

"कोनी न्हाई. तिचं तीच. तोडायचं हत्यारसुदिक तीच बनवती."

"येडी हाय का काय?"

"तुटल्याशिवाय आईकडचं अन् बापाकडचं एकमेकांत मिसळत न्हाई. तुटलंच न्हाई तर पुढं वाटण्या चुकत्यात, अंडं फुकट जातं."

मला एवढंच पाहिजे होतं. मी मांडीवर थाप मारली. "बघ! म्हंजी तोडावंच लागतं! तुझं पुस्तकसुदिक माझ्याच बाजूनं!"

"आप्पा, अर्धंच ऐकू नका. तोडती अन् लगेच सांधायला घेती. एकेक तुकडा शोधून, जोडीच्या धाग्याशी ताडून बघून, बरोबर जागी. अन् सगळं सांधून होत न्हाई तोवर पेशी पुढचं काम अडवून धरती. सांधायचं राहिलंच तर अंडं वाकडं निघतं. चांगल्या अंड्याला वर दोन शिंगं असत्यात, श्वासासाठी. त्या वाकड्याची दोन्ही एकात एक चिकटत्यात. त्यातून काय बाहेर येत न्हाई."

"अन् नराचं?"

ती हसली. त्या हंगामातलं तिचं ते शेवटचं हसणं, म्हणून लक्षात आहे. "या चिलटांच्या नरात ही अदलाबदल होतच न्हाई. धाग्याला धागा मिळत न्हाई. बापाकडून जसा गठ्ठा आला, तसाच्या तसा पुढं."

"मग नर शहाणा."

"शहाणा कशाचा? आज्याचा आसूड तसाच्या तसा बापाच्या हातात."

तिनं माझ्या बापाला पाहिलंही नव्हतं. आईनं सांगितलं असणार. मी बिडी चिरडली आणि उठून गेलो.

दोनच दिवसांनी गुजरातचा एक व्यापारी आला. दोन बागांचा माल तो एकटा उचलणार होता, आठवडाभर मी त्याच्याशी फोनवर झुंजत होतो. तो शेडमध्ये शिरला आणि सरळ मागच्या मांडणीपाशी जाऊन उभा राहिला. केळ्याच्या साली, नळ्या, वर घोंघावणारं मोहोळ. "क्या सेठ, मच्छरों का दवाखाना खोला है?" बरोबरची माणसं हसली. मग त्यानं क्रेटमध्ये हात घातला, तळाचा पेरू काढला, हातात फिरवला, आणि न फोडता परत ठेवला. रुमालानं बोटं पुसली.

न फोडता परत ठेवणं म्हणजे आमच्यात तोंडावर थुंकणं. एवढी वर्षं माझ्या शेडमध्ये ते कोणी केलं नव्हतं.

त्याची गाडी वळेपर्यंत मी उभा राहिलो. मग काट्यावरचं पाच किलोचं वजन उचललं आणि मांडणीवर हाणलं. पहिली ओळ गेली. काच पत्र्यावर, माझ्या तोंडावर, पेरूंवर उडाली. दुसरा घाव, तिसरा. मी शिव्या देत होतो, व्यापाऱ्याला, चिलटांना, पुण्याला. शीतल धावत आली. "आप्पा, थांबा," एवढंच म्हणाली, आणि उरलेल्या नळ्या वाचवायला तिनं हात मध्ये घातला. मला हात दिसला. खोटं बोलणार नाही, दिसला. वजन खाली येतच होतं, आणि मी ते आवरलं नाही. नळ्या तिच्या हातातच फुटल्या. काच अंगठ्याच्या मुळापासून तळव्यात आडवी गेली. एका फुटलेल्या पेरूच्या पांढऱ्या गरावर रक्ताची धार पडली आणि तो गर ती पिऊ लागला.

तरी मी थांबलो नाही. कोपऱ्यातला फवारणीचा पंप पाठीवर घेतला आणि सगळं झोडपून काढलं. चिलटं पावसासारखी गळाली. हुसेनभाईंनी मागून कव घातली तर मी कोपर मारलं, त्यांचा पुढचा दात गेला. अजूनही भाव करताना अडले की ते ती फट दाखवतात. "शेठ, हा दात तुमाला दिला, आता दोन क्रेट तरी द्या." मी दर वेळी देतो. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून जिंकलेला सौदा तेवढाच.

मंगलनं, माझ्या बायकोनं, लेकीच्या हाताला पदर गुंडाळून तिला दवाखान्यात नेलं. टाके पडले. दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं शीतल गेली. खिडकीच्या बाजूनं बसली होती, पण मी रस्त्याच्या ज्या अंगाला उभा होतो त्या अंगाला नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. माफी मागायची मला सवय नाही, पण फुटलेला माल भरून द्यायची आहे. आमच्या धंद्यात तेच चालतं. वाटेत क्रेट फुटला तर दुसरा क्रेट द्यायचा, वर चार पेरू जास्त, आणि विषय संपला. मी मंगलची लोणच्याची मोठी बरणी घेतली, तळाशी पिकलेले पेरू कुस्करून टाकले आणि आठ दिवस शेडमध्ये उघडी ठेवली. काळी होईपर्यंत भरली. वर मलमलीचा कपडा बांधला आणि पुण्याला माल घेऊन निघालेल्या हुसेनभाईंच्या हाती दिली. "सांगा तिला, फोडली त्याच्या दुप्पट चिलटं धाडलीत. वर पेरू निराळे."

हुसेनभाई परत आले. "घेतली तिनं. बघत बसली नुसती."

"काय म्हनाली?"

"काय न्हाई."

मला संताप आला. दुप्पट देऊनही बोलत नाही म्हणजे काय! तिच्या नळ्यांतली प्रत्येक ओळ वेगळी होती, एकेका आईची लेकरं वेगळी राखलेली होती, बरणीत मी सगळ्यांचा खिचडा केला होता, हे मला मंगलनं पुढं कधीतरी भाकरी थापता थापता सांगितलं. चिलटं वजनावर भरून देता येत नाहीत. पण हे मला कोणी आधी सांगितलं होतं का?

मागच्या थंडीत तिचं काम पुरं झालं. जाडजूड बांधीव प्रबंध आईच्या नावानं घरी आला. मला इंग्रजी येत नाही. हुसेनभाईंच्या नातीनं पहिलं पान वाचून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, माझा हात धरणाऱ्या आईला, आणि दात गमावणाऱ्या हुसेनचाचांना. बस. पुढचं पान कोरं.

मी दोनदा वाचायला लावलं. माझ्या शेडची चिलटं, माझे पेरू, मी भरलेली फी, माझा पत्रा, आणि नाव एका दाताचं! हुसेनभाईंनी तोंडावर हात ठेवला, पण फटीतून हसू सुटलंच. मी ताट भिंतीवर मारलं. आमटीचा डाग अजून तिथं आहे. मंगल पुसत नाही, आणि मी पुसा म्हणत नाही.

तेव्हापासून मी रोज त्या डागाकडे बघून जेवतो, आणि मनात शीतलनं सांगितलेलं फिरत राहतं. ते एवढंसं अंडं मोहरीपेक्षा बारीक, आणि आत एवढी मोडतोड. बाजारात मी पाहिलेल्या सगळ्या मारामाऱ्या त्यापुढं फिक्या. पण तिथं तोडणारी आणि सांधणारी पेशी एकच. मी तोडलं आणि सांधायचं काम बरणीवर सोपवलं. सांधलं जात नाही तोवर पुढचं अडवून धरायचं, तसंच घरात झालं. चार दिवाळ्या अडल्या. तिच्या लग्नाचं बोलणं अडलं. मंगलचं हसणं अडलं. वरवर सगळं चालू होतं, माल येत होता, जात होता.

आज सकाळी ती आली. मी काट्यापाशी उभा होतो. चष्मा लागला आहे, वाळली आहे. खांद्यावरच्या पिशवीत नळ्या किणकिणत होत्या. माझ्याकडे न बघता सरळ मागं गेली. मी जागचा हललो नाही. मग तिचा आवाज आला, भिंतीशी बोलावं तसा.

"ही पाटी कोनी ठेवली?"

"मी."

"फवारलीय?"

"न्हाई. आईची शपथ."

"कुनाच्या आईची?"

"तुझ्या."

ती वाकली. पाटीत कोपरापर्यंत हात घातला, तळाचा एक पेरू काढला, अंगठे रोवले. उजव्या तळव्यावरचा व्रण पांढरा, आडवा, मला लांबूनही दिसला. पेरू पच्च करून फुटला. आत अळ्यांची वळवळ. "चांगला सडलाय," ती म्हणाली. माझ्या मालाला इतकं चांगलं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

मग तिनं पिशवीतून एक भरलेली नळी काढून माझ्यासमोर काट्यावर ठेवली. आत चिलटं चढत-उतरत होती. चिठ्ठीवर मराठीत दोन अक्षरं होती, ती मला वाचता आली. आप्पा.

डोक्यात कळ गेली. "चिलटाला माझं नाव? पुस्तकात न्हाई अन् चिलटाला?"

"तुमच्या बरनीतली हायेत. सगळा खिचडा होता, फेकूनच देनार होते. मग म्हनलं तळाचं एकदा बघावं. तळाशी एक मादी होती, पेरवात अडकलेली. तिची ओळ वेगळी केली. तिच्या नातींची अंडी बघितली तर वाकडी, शिंगं चिकटलेली. यांच्यात तुटतं, पन सांधतच न्हाई." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मग दुसरं नाव काय देनार होते?"

हात काट्यावरच्या वजनाशी गेला होता. कधी गेला ते कळलं नाही. तिलाही दिसला. ती मागं सरली नाही.

मी हात काढून घेतला. म्हणालो, "सांधत न्हाई तर मग वंश कसा टिकला?"

"दोन्ही धागे बिघडले तरच अंडं वाकडं, बाकीच्यांत बिघाड अर्ध्यातच हाय. दुसरं अर्धं चांगलं हाय, त्याच्यासंगं जोड लावून ठेवायची. अन् दर पंधरा दिवसांनी नव्या नळीत हलवायची. एक पाळी चुकली की ओळ मेली."

"कोन हलवतं?"

"मीच. चार वर्षं."

रस्त्यानं एक ट्रक गेला, पत्रा थरथरला. चार वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि दर पंधरा दिवसांनी मला हातात घेऊन ताजं खायला घालत होती. मी भाव करणारा माणूस, पण याला कुठला भाव सांगायचा?

तिनं माझ्या हातात ती नळी आणि एक ताजी नळी दिली. "आज पाळी हाय. तुमी करा."

"माझ्या हातून फुटंल."

"न्हाई फुटत. जुनी नळी मांडीवर ठोका, चिलटं तळाला पडतील. मग बोळा काढून नवी तिच्या तोंडावर उपडी धरा, दोन्ही उलटी करा अन् परत ठोका." मी हळूच टेकवली. चिलटं जागची हलली नाहीत. "आप्पा, भिऊ नका. जोरात ठोका. तुमाला येतं ते."

मी ठोकली. चिलटं धडाधड तळाला पडली. उलटी केली, पुन्हा ठोकली. सगळी नव्या खळीवर उतरली. मी बोळा घालायला गेलो तर तो वाकडाच बसत होता, तेव्हा तिनं तिचा व्रणाचा हात माझ्या हातावर दाबून धरला आणि बोळा बसवला. तो व्रण मला पहिल्यांदाच हाताला लागला. दोरीसारखा कडक होता.

"आता परत पंधरा दिवसांनी," ती म्हणाली. "ही इथंच ठेवते. मी येते पाळीला."

"पंधरा लई झाले," मी म्हणालो. "आठ."

"आप्पा, पंधरा."

"बरं, धा."

"पंधरा."

पलीकडच्या गाळ्यातून हुसेनभाई मान लांब करून बघत होते, दाताची फट दाखवत. सोडू नका शेठ, अशी त्यांची नजर.

"पंधरा," मी म्हणालो.